सुईवर बावीस

खुशालराव गावंडे मूळचे चांदूर बाजारचे. घरी काळी जमीन होती, ती थोरले भाऊ बघत होते. खुशालराव अठराव्या वर्षी चुलत्याच्या कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला गेले आणि तिथल्या तारघरात नोकरीला लागले. पाच वर्षांनी परत आले तेव्हा त्यांना तारेची कट्कट् कानानं वाचता येत होती, इंग्रजी समजत होतं, आणि वीज कशी तयार होते, कुठे गळते, कुठे अडते हे हातानं करून दाखवता येत होतं. १८६३ साली अमरावतीत असा माणूस दुसरा नव्हता.

त्या वेळी अमेरिकेत लढाई पेटली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ते दिवस आले होते. भाव मुंबईहून तारेनं यायचा. तार बंद पडली की अमरावतीचा आणि अकोल्याचा बाजार हातावर हात ठेवून बसायचा. तार चालवणारी आणि तिचा बिघाड शोधणारी माणसं हवी होती, ती मिळत नव्हती. म्हणून अमरावतीच्या काही कापूसवाल्यांनी मिळून एक वर्ग काढला. या भागातल्या तारेवर देखरेख करणारा एक गोरा साहेब होता, त्यानं परवानगी दिली. शिकवायला खुशालराव.

एका वखारीच्या मागची लांबट खोली मिळाली. पोरं आठ आली, सगळी अठरा ते बावीस वर्षांची. तारेची अक्षरं शिकवणं अवघड नव्हतं, ती घोकून येतात. पण विजेचं काय शिकवायचं आणि कसं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. खुशालराव स्वतः शिकले होते ते चुका करत, ओरडा खात, हात पोळून घेत. तेच या पोरांना थोड्या दिवसांत कसं द्यायचं, याचा त्यांनी दिवाळीआधी महिनाभर विचार केला. बायकोला, सुभद्राबाईंना, जेवता जेवता सांगत राहिले.

"पुस्तक वाचून पोहणं येत नाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "तसंच असंन हे."

"तसंच हाय," खुशालराव म्हणाले. "पाण्यात टाकतो त्याह्यले."

आणि त्यांनी तसंच केलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगितलं, माणिकबाई कुंभारणीकडे जा आणि बिनचकाकीचं एक लहान मडकं घेऊन या. मडक्यात एक पाणी, मडक्याबाहेर दुसरं, मोरचूद विरघळवलेलं. एकीकडे जस्त, दुसरीकडे तांबं. मडक्याच्या अंगातून ओल झिरपली की वीज सुरू होते. मडकं फार भाजलेलं असलं तर झिरपत नाही, कच्चं असलं तर दोन्ही पाणी एक होऊन जातं. पोरांनी माणिकबाईच्या अंगणात बसून मडकी वाजवून पाहिली, पाणी भरून किती वेळात अंग ओलं होतं ते मोजलं. माणिकबाई आधी हसली, मग चिडली, मग स्वतःच सांगायला लागली की भट्टीच्या कडेची घ्या, मधली घेऊ नका.

खोलीत एक सुईची पेटी होती. काचेखाली चुंबकाची बारीक सुई, तिच्याभोवती अंशांचं वर्तुळ. तारेतून वीज गेली की सुई एका बाजूला झुकायची. जितकी वीज जास्त तितकी जास्त झुकायची. आठ जणांच्या आठ बॅटऱ्या आणि आठ आकडे. कोणाची सुई चाळीसपर्यंत, कोणाची दहावरच. मग प्रत्येकानं आपली का कमी, आपली का जास्त, हे शोधायचं. खोलीत दिवसभर गोंधळ चालायचा. कोणाचं मडकं फुटायचं, कोणाच्या धोतरावर निळे डाग पडायचे, एकाची तार दुसऱ्याच्या तारेला लागून सुई वेड्यासारखी फिरायची. खुशालराव मध्ये फिरत राहायचे आणि विचारायचे, "काहून असं झालं?" उत्तर मात्र स्वतः द्यायचे नाहीत.

आठांत दोघं वेगळी होती. वाहेद शहरातल्या कल्हईवाल्याचा मुलगा. भांड्यांवर कथील चढवताना धातू केव्हा पुरेसा तापतो हे डोळ्यांना ओळखता येत असल्यानं त्याची नजर धारदार होती. एखाद्या जोडावर हिरवट थर आला की त्याला तो आधी दिसायचा. तो मुद्दाम दुसऱ्याची बिघडलेली बॅटरी मागून घ्यायचा.

दुसरा नत्थू, नांदगाव खंडेश्वरचा. वयानं सगळ्यांत लहान, पण लग्न झालेलं. घरची थोडी जमीन होती. तो फार कष्टाळू होता, सांगितलेलं कधी विसरायचा नाही. मात्र सांगितलेलं नसलं की घाबरायचा. "मास्तर, आता काय करू?" हे त्याचं दिवसातून दहा वेळा. खुशालराव म्हणायचे, "तूच सांग." तो खाली मान घालून मडक्याकडे पाहत बसायचा. दोन महिन्यांनी मात्र एक दिवस त्यानं न विचारता जस्ताची पट्टी बाहेर काढली, घासली, पुन्हा लावली, आणि सुई वर गेली तेव्हा त्याचा चेहरा असा काही उजळला की खुशालरावांनी ते घरी येऊन सुभद्राबाईंना सांगितलं.

पौषात साहेब वर्ग बघायला आला. फुटकी मडकी, निळे डाग आणि आरडाओरडा बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. पण पोरांना प्रश्न विचारले तेव्हा तो खूश झाला. जाताना त्यानं खुशालरावांना बाजूला घेतलं. असे वर्ग खामगावला आणि पुढे नागपूरकडेही काढायचा विचार आहे, तिथे तुझ्यासारखा माणूस नाही. तर हे सगळं कागदावर पाठांच्या रूपात लिहून दे, म्हणजे कोणालाही शिकवता येईल. दोन महिन्यांनी मी परत येईन, तेव्हा परीक्षाही घे.

खुशालरावांना रात्री झोप लागली नाही. आपले पाठ नागपूरपर्यंत जाणार. वरती आपलं नाव असणार.

ते लिहायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की जे चाललं आहे ते लिहिता येत नाही. मडकं प्रत्येक वेळी वेगळं, आकडा प्रत्येक वेळी वेगळा. 'मग पोरांनी काय ते शोधावे' असं पाठात कसं लिहिणार? तेव्हा त्यांनी पाठच बदलले. सगळी मडकी एकाच भट्टीतली, त्यांनी स्वतः निवडून ठेवलेली. बॅटरी आधीच जोडून तयार. एका फळीवर त्यांनी लहानशी तारेची लाईन बसवली, खांब म्हणून खुंट्या, आणि तिच्यात एका वेळी एकच बिघाड ठेवायचा. बारा पाठ, बारा कागद. प्रत्येक कागदावर काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, आणि शेवटी सुई कुठे थांबली पाहिजे तो आकडा. दहाव्या पाठात लिहिलं: सुई हलली नाही तर तार तुटली, सुई पूर्ण झुकली तर तार जमिनीला लागली. पुढे शोध कसा घ्यायचा तेही लिहिलं, की तुटण्याची जागा बहुधा नदीच्या ओलांडणीला असते, तेव्हा दोन्ही तीरांवरचे खांब तपासावेत. सुंदर अक्षर होतं खुशालरावांचं. बारा कागद एकाखाली एक ठेवले की छापल्यासारखे दिसायचे.

पोरांना बरं वाटलं. धोतरं स्वच्छ राहू लागली. आठवड्याचं काम दोन दिवसांत होऊ लागलं. नत्थू तर सुटला. बाराही कागद त्यानं मुखोद्गत केले, आकड्यांसकट. आता तो "काय करू" विचारत नव्हता आणि खुशालरावांना ती प्रगती वाटली.

फक्त वाहेद कुरकुर करायचा. एकदा म्हणाला, "उस्ताद, लायनीवर बिघाड एकटा येते का? दोन मिळून आले तं?"

"आधी एक तं शिक."

"आन् सुई मधातच थांबली तं? कागदावर तं नाई तसं."

"तशी थांबत नाई."

"थांबते उस्ताद. दिवाळीत माहीच थांबली होती. तुमीच तं म्हटलं होतं, शोध म्हून."

खुशालरावांनी त्याला बसायला सांगितलं.

परीक्षा फाल्गुनात, साहेब यायच्या आदल्या दिवशी झाली. पाठ चौथा: बारा मडक्यांची बॅटरी, एवढी तार, सुईचा आकडा लिहा. कागदावर आकडा होता तीस. एकेक जण आत जायचा, पाहायचा, लिहायचा, बाहेर यायचा. संध्याकाळी खुशालरावांनी आठ वह्या उघडल्या. सात वह्यांत तीस होते. वाहेदच्या वहीत बावीस.

वाहेद दाराशी उभा होता. "उस्ताद, त्या ब्याटरीतलं एक जस्त खाल्ल्या गेलं हाय. मडकं उघडू द्या, दाखवतो."

"कागदावर तीस हाय, वाहेद."

"कागदावर असंन. सुईवर बावीसच हाय. तुमी पाह्यून घ्या नं."

खुशालराव उठले आणि पेटीपाशी गेले. काचेखाली सुई बावीसवर उभी होती. तेविसावरही नव्हती. त्यांनी ती नीट पाहिली. त्यांच्या मनात सगळं एका क्षणात येऊन गेलं: बॅटरी उतरली आहे, ती उतरलेली असताना सात जणांनी तीस लिहिलं आहे, म्हणजे सात जणांनी सुईकडे पाहिलंच नाही किंवा पाहून खोटं लिहिलं आहे. उद्या साहेब येणार. सात नापास आणि एक पास, तोही पाठाविरुद्ध लिहून, असं कसं दाखवायचं?

"तुह्या डोयाचा कोन चुकला असंन," ते म्हणाले. "बाजूनं पाह्यलं की कमी दिसते."

वाहेद त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी सुई पाहिली आहे हे त्यानं पाहिलं होतं. वही तिथेच ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबाला सात पास दाखवले. बारा पाठ सुतळीनं बांधून दिले. साहेबानं खुशालरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

सात जणांना जागा मिळाल्या. नत्थूला अकोल्याला नेमलं. जाण्याआधी तो बायकोला घेऊन खुशालरावांच्या घरी पाया पडायला आला. जमुना तिचं नाव, सोळा-सतरा वर्षांची, डोक्यावरचा पदर धरून दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली. नत्थूनं बारा पाठांची नक्कल लाल फडक्यात गुंडाळली होती. "मास्तर, हे संग हाय तं मले भेव नाई," तो म्हणाला. आता त्याला सगळे नत्थुजी म्हणू लागले होते आणि ते ऐकून तो लाजायचा.

त्याची पत्रं यायची. अकोल्याचं तारघर चांगलं आहे, बरोबर अब्दुल सत्तार म्हणून जुना लाईनवाला आहे, तो खांबावर माकडासारखा चढतो. उन्हाळ्यात दोनदा तार तुटली, दोन्ही वेळा पाठाप्रमाणे शोधली आणि सापडली. खुशालराव ती पत्रं वर्गातल्या नव्या पोरांना वाचून दाखवत.

भाद्रपदात सलग पाच दिवस पाऊस पडला. सहाव्या दिवशी सकाळी अकोल्याची तार बोलेना. अमरावतीहून हाक घातली तर उत्तर नाही. दुपारी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूरकडून आलेल्या एका गाडीवानानं तारघरात निरोप आणला की अकोल्याचा तारबाबू काटेपूर्णा नदीत वाहून गेला.

खुशालराव दमणीला बैल जोडून निघाले. चिखलातून अकोल्याला पोचायला तीन दिवस लागले. तोवर प्रेत दोन कोसांवर खाली सापडलं होतं आणि नांदगावची माणसं येऊन घेऊनही गेली होती. तार अजून बंदच होती.

अब्दुल सत्तार तारघराच्या ओसरीवर बसला होता. पन्नाशीचा उंच माणूस, पायांना अजून चिखल. खुशालराव शेजारी बसले. मग सत्तार आपणहून सांगू लागला.

"सकाळी बाबूनं सुई पाह्यली. मले म्हने, सत्तारभाई, तार तुटली, चाला नदीवर. मी म्हटलं पाणी उतरू द्या. म्हने, बाजार बंद हाय, लोक शिव्या देऊन राहिले. गेलो. कुरणखेडच्या अलीकडून पाह्यलं तं तार इकून तिकडं साबूत दिसे. मी म्हटलं, बाबू, तार तं हाय. तो म्हने, पल्ल्याडचा खांब झाडाआड हाय, तो पाहाच लागते. मी म्हटलं पाणी पाह्य केवढं हाय, उद्या जाऊ. तो म्हने..."

"काय म्हणे?"

"म्हने, मास्तरनं दोन्ही तीर लेहून देल्ले हायेत."

खुशालराव उठून आत गेले. मेजावर वही उघडीच होती. त्या सकाळचं पान होतं. नत्थूच्या गोल अक्षरात तारीख, वेळ, बॅटरी, आणि मग: 'सुई पंधरा'. त्यावर एक रेघ ओढलेली होती. शेजारी लिहिलं होतं, 'सुई शून्य. तार तुटली. पाठ दहावा.'

खुशालराव त्या खोडलेल्या पंधराकडे पाहत उभे राहिले. सुई मध्येच थांबली होती. पोरानं ती पाहिली होती, खरी लिहिलीही होती. मग कागद काढून बघितला असेल. कागदावर पूर्ण झुकणारी सुई होती आणि न हलणारी सुई होती, मध्ये काही नव्हतं. तेव्हा त्यानं आपल्या डोळ्यांवर रेघ मारली. हे करायला त्याला कोणी शिकवलं ते खुशालरावांना माहीत होतं. फाल्गुनात ज्या सात वह्यांवर त्यांनी 'पास' लिहिलं होतं, त्यांत एक याची होती.

त्यांनी स्वतः बॅटरी जोडून सुई पाहिली. अठरा. तार तुटलेली नव्हती. कुठेतरी ओलीतून वीज गळत होती. ते आणि सत्तार पायी निघाले आणि एकेक खांब वर चढून पाहत गेले. अकोल्यापासून दीड कोसावर एका खांबावरची, तारेला लाकडापासून दूर ठेवणारी चिनी मातीची टोपी तडकलेली सापडली. वेलीनं झाकलेली होती. तार घसरून ओल्या लाकडाला टेकली होती. खालून दिसत नव्हती. सत्तारनं वेल तोडली, तार उचलून धरली आणि वरूनच म्हणाला, "याच खांबाखालून गेलो आमी दोघं. तो पुढे चालून राहिला होता, मी मांगं."

खुशालराव अकोल्याहून सरळ नांदगाव खंडेश्वरला गेले. नत्थूच्या घरी दहाव्याची तयारी चालली होती. वडील बोलण्याच्या स्थितीत नव्हते. जमुना ओसरीच्या खांबाशी बसली होती. तिनं त्यांना ओळखलं, उठून पाणी आणून ठेवलं आणि दूर बसली. मग तिनं विचारलं, "मास्तर, त्याह्यचं काई चुकलं का कामात? लोक म्हणून राहिले का त्याह्यले काम येत नव्हतं."

"नाई," खुशालराव म्हणाले. "त्याचं काई चुकलं नाई. माहं चुकलं. मी त्याले चुकीचं शिकोलं, जमुनाबाई."

तिनं मान हलवली. मोठी माणसं अशा वेळी असं म्हणतात, तसं तिला वाटलं असावं. "तुमी तं देवासारखे होते त्याह्यले," ती म्हणाली. "तुमचे कागद उशाशी घिऊन निजत."

नीट समजावून सांगायला हवं होतं, असं खुशालरावांना नंतर पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. पण मडकी आणि सुया त्या ओसरीवर कशा समजावून सांगायच्या होत्या?

अमरावतीला आल्यावर ते वाहेदच्या दुकानात गेले. तो बापाबरोबर कल्हई करत होता. भट्टीजवळ घामानं भिजलेला. त्यानं आधी हातातलं पातेलं पुरं केलं, मग हात पुसत बाहेर आला. नत्थूचं त्याला कळलं होतं.

"सुई पंधरावर थांबली होती," खुशालराव म्हणाले. "त्यानं शून्य लेहलं."

वाहेद खाली बसला. मग म्हणाला, "भेकड नव्हता तो. नुसता हुकूम पाळे."

"मले पाठ पुन्हा कराचे हायेत. पहिल्यापासून. तू ये. पोर म्हून नाई, माह्या बरोबरीनं शिकवाले ये."

"मी नाई येत, उस्ताद."

"माह्यावर राग हाय, तो बरोबर हाय. मी तुले नापास केलं..."

"नापास केलं त्याचा नाई राग," वाहेद म्हणाला. "मास्तर चुकते. माहा बाप चुकते, मी चुकतो. पन तुमी पेटीपाशी गेले होते. तुमी सुई पाह्यली, बावीस पाह्यले, आन् मले म्हटलं तुहा डोया चुकला. त्या दिवसापासून मी इथं बसलो तरी कथील दिसते का नाई, दोनदा पाह्यतो. आधी एकदाच पाह्यत होतो."

खुशालराव उठून निघाले. वाहेदनं त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं आणि तिथे उभं राहून, जणू दुसऱ्याच कोणाचं काम सांगतो आहे असं, म्हणाला, "पाठ कराल तं बिघाड तुमी नोका ठेवू. पोराह्यले एकमेकाच्या लायनीत ठेवू द्या. तुमाले बी माहीत नसला पाहिजे कुठी हाय तं."

खुशालरावांनी हिवाळाभर तेच केलं. फळी मोडली. मडकी पुन्हा माणिकबाईकडून, ज्यानं त्यानं निवडून. वखारीच्या मागच्या मोकळ्या जागेत खऱ्या खांबांवर दोनशे हात तार ओढली. एका पोरानं तिच्यात बिघाड लपवायचा, एक किंवा दोन किंवा एकही नाही, आणि दुसऱ्यानं शोधायचा. आकड्यांचे कागद जाळले. त्याऐवजी वहीच्या पहिल्या रकान्यात सुईवर दिसलं ते लिहायचं, आणि ते खोडायला मनाई. शेवटच्या रकान्यात 'कळले नाही' असं लिहायची मुभा. पहिल्याच महिन्यात एका पोरानं तसं लिहिलं तेव्हा खुशालरावांनी त्याला सगळ्यांपुढे शाबासकी दिली; पोराला वाटलं मास्तर थट्टा करतात.

साहेबालाही त्यांनी लिहिलं. जुने बारा पाठ चुकीचे आहेत, त्यांच्यामुळे एक माणूस मेला, ते जिथे जिथे गेले असतील तिथून परत मागवावेत. उत्तर चार महिन्यांनी आलं. साहेबाची बदली झाली होती. नव्या माणसानं लिहिलं होतं की नदीला पूर येणं ही दुर्दैवाची गोष्ट आहे; पाठ सोयीचे असल्याचे सर्वत्र अभिप्राय आहेत.

१८६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली, त्याच तारेवरून. कापसाचा भाव कोसळला. वर्ग चालवणाऱ्यांना आता वर्गात रस राहिला नाही. नव्या पद्धतीनं शिकलेली पोरं पाच, त्यांतली तिघं शिकणं पुरं होण्याआधीच घरी गेली. खोलीत पुन्हा कापसाच्या गाठी आल्या. खांब उपटून कोणीतरी गोठ्याला लावले. वाहेद त्याच पावसाळ्यात अकोल्याला कापूस दाबण्याच्या एका नव्या यंत्रावर कामाला गेला, असं त्याच्या बापानं सांगितलं.

खुशालराव गावी परत जाण्याआधी एकदा खामगावला जाऊन आले. तिथे वर्ग चालू आहे असं त्यांनी ऐकलं होतं. मास्तर कोकणातले एक सभ्य गृहस्थ होते. खुशालरावांचं नाव ऐकताच त्यांनी हात जोडले, पोरांना उभं केलं. भिंतीवर बाराही पाठ मोठ्या अक्षरांत लावले होते, वर खुशालरावांचं नाव. खुशालरावांनी आपल्या नव्या वह्या पुढे केल्या, सगळं सांगितलं, नत्थूचंही सांगितलं.

मास्तरांनी नीट ऐकून घेतलं. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण रावसाहेब, हे तुमचं नवं आहे ते शिकवायला माणूस तुमच्यासारखा लागेल. मला तर स्वतःलाच यातलं फार येत नाही. हे बारा आहेत म्हणून माझं चाललंय. आमची सगळी पोरं पास होतात."

"मी इथे राहून शिकवीन. फुकट."

"वरून विचारावं लागेल," मास्तर म्हणाले, आणि वह्या कपाटात व्यवस्थित ठेवल्या.

वर्ग पुढे सुरू झाला. खुशालराव मागच्या बाकावर बसून राहिले. एक पोरगा पेटीपाशी गेला, वाकून पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं. दुसरा गेला. तिसरा गेला. खुशालरावांना जागेवरून सुई दिसत नव्हती. उठून जाऊन पाहावं असं त्यांना वाटलं, पण वर्ग त्यांचा नव्हता. संध्याकाळी पोरं घरी गेली, मास्तरांनी जेवायला थांबायचा आग्रह केला, पण खुशालराव थांबले नाहीत. दमणी दारात उभी होती. ते बसले आणि गाडीवानाला चांदूरचा रस्ता सांगितला.